प्रकल्प नोंदी: कचऱ्यातली अंगठी आणि मेटल डिटेक्टरची सेटिंग्ज

८ नोव्हेंबर

मित्राच्या शेडमागे साधारण २५ बाय १५ मीटरची मोकळी जागा आहे. तिथे काम करताना वहिनींनी हातमोजे काढले आणि त्यासोबत त्यांची अंगठी गेली. १८ कॅरेट, बारीक पट्टी, खडा नाही. जागा लहान आहे, पण स्वच्छ नाही. आधीची लाकडी शेड तिथेच मोडली, तिचे खिळे मातीत राहिले. शिवाय वर्षानुवर्षं बसा-उठायची जागा असल्यामुळे बाटल्यांची पत्र्याची बुचं, चॉकलेटची फॉइल, कॅनच्या कड्या असं सगळं तिथे मुरलेलं आहे.

मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, व्हीएलएफ (फार कमी फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या) प्रकारचं आहे. एका वेळी एकच फ्रीक्वेन्सी, ती ५, १०, १५ किंवा २० किलोहर्ट्झ यांतली निवडता येते. पडद्यावर वस्तूचा आकडा ० ते ९९ असा येतो. मूळ कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, २८ सेंटिमीटरची डबल-डी (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी), सोबत १५ सेंटिमीटरची छोटी कॉइल. आकड्यांची पट्टी प्रत्येक मशीनची वेगळी असते, त्यामुळे खालचे आकडे जसेच्या तसे तुमच्या मशीनवर लावू नका. चाचण्या मात्र जशाच्या तशा चालतील.

जागा घरची असल्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीत मालकाला विचारल्याशिवाय आणि तिथला कायदा पाहिल्याशिवाय मशीन सुरूसुद्धा करू नये. संरक्षित जुन्या वास्तूंच्या आसपास तर ते घेऊन फिरकूच नये.

९ नोव्हेंबर

मैदानात जाण्याआधी टेबलावर चाचणी. टेबल लाकडी असलं तरी त्यात स्क्रू असतात आणि ते बोलतात, म्हणून प्लॅस्टिकचे दोन क्रेट उलटे ठेवून त्यावर कॉइल बांधली आणि वस्तू हातात धरून समोरून फिरवल्या. फिरवणाऱ्या हातातलं घड्याळ काढून ठेवायचं, हे लिहून ठेवतो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे ठराविक आकड्याखालच्या वस्तूंचा आवाज बंद करायची सोय, शून्यावर, फ्रीक्वेन्सी १०.

५ सेंटिमीटरचा खिळा १२ ते ३० च्या मध्ये कुठेही, जसा धराल तसा. फॉइलची गोळी ४१ ते ४८, घट्ट दाबली की आकडा चढतो. कॅनची कडी ५१ ते ५४, तिची जीभ मोडली की ४६. शिशाचं छोटं वजन ५८. पितळी किल्ली ६८. पत्र्याचं बूच ५५ ते ७४, एका जागी थांबतच नाही. तांब्याचं नाणं ८२, चांदीची जाड अंगठी ८४. आणि वहिनींच्या बहिणीची अगदी तशीच १८ कॅरेटची अंगठी: ५२.

म्हणजे अंगठीचा आकडा आणि कॅनच्या कडीचा आकडा एकच. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीमुळे लांबलं.

यात मशीनचा दोष नाही. शुद्ध सोन्यातून वीज तांब्याच्या साधारण पाऊण पट सहज वाहते. पण १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी, आणि धातू एकमेकांत मिसळले की वाहकता खूप खाली येते. त्यात पट्टी बारीक. मशीन धातू ओळखत नाही. वस्तूत उठलेला प्रवाह किती सहज फिरतो आणि किती वेळात विरतो, तेवढंच त्याला कळतं. जाडी, आकार, वस्तू कशी पडली आहे, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तांब्याच्या जाड तारेची अंगठी वळा, टोकं डाखून जोडा आणि कॉइलसमोर फिरवा. माझ्याकडे ७६ आला. मग पक्कडीने तीच अंगठी एका जागी कापली, टोकांत केसाएवढी फट राहू दिली. आकडा ३८. धातू तोच, वजन तेच, फक्त प्रवाहाला गोल फिरायची वाट राहिली नाही. तुटलेली सोन्याची अंगठी फॉइलच्याही खाली वाचली जाऊ शकते ती याच कारणाने. बारीक साखळीचं तर विचारूच नका. कड्या एकमेकींना नीट टेकत नाहीत, त्यामुळे मशीनला साखळी दिसत नाही, सुटी कडी दिसते, आणि ती जवळजवळ मुकी असते. साखळीपेक्षा तिचा फासा जास्त मोठ्याने बोलतो.

१२ नोव्हेंबर

हवेतल्या आकड्यांवर मैदानात उतरण्यात अर्थ नाही, म्हणून शेडपासून लांब, आधी मशीनने तपासून स्वच्छ केलेल्या पट्ट्यात चाचणीचा वाफा केला. बहिणीची अंगठी मातीत पुरणं कुणालाच मान्य नव्हतं. "एक शोधताना दुसरी घालवू नका," असं वहिनींनी स्पष्ट सांगितलं. म्हणून पीव्हीसीचे तीन पाइप तिरके पुरले, आतलं टोक अनुक्रमे १०, १५ आणि २० सेंटिमीटर खोल राहील असे. लाकडी पट्टीच्या टोकाला वस्तू चिकटवायची आणि पट्टी पाइपात सरकवायची. वस्तू बदलायला अर्धं मिनिट लागतं, वरची माती हलत नाही आणि अंगठी कुठे आहे ते कायम ठाऊक असतं. ज्याला ज्याला डिटेक्टर शिकायचा आहे त्याने दुसरं काही करण्याआधी एवढं करावं.

निकाल: १० सेंटिमीटरवर अंगठी ५२-५३, आवाज गोल आणि पुन्हा पुन्हा तसाच. १५ वर ४९ ते ५६. २० वर आकडा ४४ पासून ६० पर्यंत उड्या मारतो आणि मधूनच लोखंडासारखी गुरगुर येते. इथल्या मातीत खनिज बरंच आहे, आणि अशा मातीत खोलवरच्या वस्तूंचे आकडे लोखंडाकडे ओढले जातात. म्हणजे "५२ आला तरच खणायचं" असं ठरवलं तर २० सेंटिमीटरवरची अंगठी हमखास सुटणार.

फॉइल आणि अंगठीत एक छोटा फरक सापडला. एकाच जागेवर उभं राहून कॉइल फिरवली, मग ९० अंशांनी वळून पुन्हा फिरवली. आडवी पडलेली अंगठी दोन्हीकडून एक-दोन आकड्यांच्या आत राहते. चुरगळलेली फॉइल बहुतेक वेळा पाच-सहा आकडे सरकते. खात्री म्हणून याला किंमत नाही, पण क्रम लावायला उपयोगी आहे: कुठे आधी खणायचं ते ठरतं. अंगठी उभी धरली की सिग्नल बारीक होतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

१५ नोव्हेंबर

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजाचा सिग्नल मोजू नये म्हणून मशीन मातीशी जुळवणं. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणायची, पंचवीसेक सेंटिमीटर उचलायची, पुन्हा खाली, आणि आवाज सपाट होईपर्यंत हे चालू ठेवायचं. मशीन ते स्वतःच करतं. फक्त खाली धातू नसलेली जागा शोधावी लागते, आणि खिळ्यांच्या मैदानात तेच अवघड.

पहिल्यांदा जिथे बॅलन्स घेतला तिथे शेडची जुनी चूल-भट्टी होती. धातू नाही म्हणून जागा छान वाटली. पण भाजलेली माती आणि विटांचे तुकडे साध्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असतात. त्या जागेला जुळवलेलं मशीन बाकीच्या मैदानात कॉइल उचलली की कण्हायचं, टेकवली की गप्प व्हायचं. मैदानाच्या मध्यावर येऊन पुन्हा बॅलन्स घेतल्यावर सगळं शांत झालं. आता उलट भट्टीच्या जागी खोटे सिग्नल येतात. तिथे विटेचा तुकडा अगदी छोट्या नाण्यासारखा वाजतो, पण कॉइल चार बोटं उचलली की एकदम गायब होतो. नाणं असं एकदम गायब होत नाही, हळूहळू विरतं.

ट्रॅकिंग, म्हणजे मशीन चालता चालता आपोआप बॅलन्स बदलत राहतं ती सोय, बंद ठेवली. एखाद्या अशक्त सिग्नलवरून पाच-सहा वेळा कॉइल फिरवली की ट्रॅकिंग त्या सिग्नललाच माती समजून पुसायला लागतं. वाफ्यात २० सेंटिमीटरवर हे स्पष्ट दिसलं.

सेन्सिटिव्हिटी (मशीन किती अशक्त सिग्नल ऐकेल ते) आधी जवळजवळ पूर्ण ठेवली होती, कारण जास्त म्हणजे चांगलं असं वाटणं साहजिक आहे. मशीन कॉइल स्थिर असतानाही टिवटिव करत होतं. वरून विजेची लाइन जाते आणि खिशात मोबाइल होता. मोबाइल विमान मोडवर टाकला, फ्रीक्वेन्सी १० वरून १५ वर नेली, तरी थोडी कटकट उरली. मग सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली आणत स्थिर कॉइल गप्प होईल तिथे थांबलो. पूर्णच्या साधारण ६५ टक्के. वाफ्यात तपासलं: १५ सेंटिमीटरवरची अंगठी या सेटिंगला आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आली. खोली कागदावर कमी झाली, कानाला वाढली.

२० किलोहर्ट्झवर अंगठी आणखी टणक बोलते, बारीक आणि कमी वाहकतेच्या वस्तूंना चढी फ्रीक्वेन्सी मानवतेच. पण इथे २० वर बारीक गंजके तुकडेही मोठ्याने बोलायला लागतात. १५ वर ठेवलं.

बुटांच्या टोकात पोलाद असेल तर दर फेरीला पायापाशी एक सिग्नल मिळतो. साधे रबरी बूट घातले.

१६ नोव्हेंबर

पहिली खरी फेरी, आणि ती फुकट गेली.

डोक्यात होतं की अंगठी ५२ वाचते, तर नॉच, म्हणजे आकड्यांच्या पट्टीचा हवा तो भाग बंद करायची सोय, वापरून ४८ ते ५७ एवढीच खिडकी उघडी ठेवू, बाकी सगळं बंद. मशीन इतकं शांत झालं की काम करायला मजा वाटू लागली. दुपारभर दोरीचे पट्टे आखून चाललो. निघालं काय, तर कॅनच्या कड्या, फॉइल आणि एक जाकिटाच्या चेनची सरकपट्टी.

संध्याकाळी वाफ्यावर येऊन पाहिलं. १० सेंटिमीटरच्या पाइपात अंगठी, आणि वर मातीवर दोन्ही बाजूंना हातभर नाही, चार-चार बोटांवर एकेक खिळा. नॉच लावलेलं मशीन पूर्ण गप्प. खिळे काढले, अंगठी लगेच बोलली.

मोठी कॉइल एका वेळी खिळा आणि अंगठी दोन्ही पाहते आणि दोघांचा मिळून एक सिग्नल तयार होतो. तो खिडकीच्या बाहेर पडला की मशीन तो गिळून टाकतं. बंद केलेला कचरा नुसता गप्प बसत नाही, शेजारच्यालाही गप्प करतो. हा त्रास या यंत्राइतकाच जुना आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी इंडक्शन बॅलन्स नावाचं यंत्र नेलं होतं. गोळी सापडली नाही, आणि पलंगाच्या गादीत पोलादी तारा असल्याचं बेल यांना नंतर कळलं. डॉक्टरांनी शोधायला दिलेली बाजूही चुकीची होती, पण गादीने गोंधळात भर घातलीच.

नॉच काढून टाकला. खिळ्यांच्या जागेत तो पुन्हा लावणार नाही. स्वच्छ मैदानात, जिथे एकाच जातीचा कचरा आहे, तिथे त्याचा उपयोग असेल.

२२ नोव्हेंबर

नॉच काढल्यावर सर्वात जास्त वेळ खाल्ला तो बुचांनी. पत्र्याचं बूच लोखंडाचं, म्हणून ते खालच्या आकड्यात जाईल असं वाटतं. पण ते चपटं आणि गोल आहे, त्यात प्रवाह छान फिरतो, त्यामुळे आकडा ६० च्या वर जातो आणि आवाज नाण्यासारखा येतो. वॉशरचंही तेच. डबल-डी कॉइल चपट्या लोखंडाला जास्त फसते, जुन्या पद्धतीच्या कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेल्या) कॉइलवर बूच जास्त फुटकं वाजतं. माझ्याकडे कॉन्सेंट्रिक नाही, त्यामुळे युक्तीने भागवलं.

युक्ती अशी. सिग्नल मिळाला की त्यावर आखूड फेऱ्या मारत कॉइल हळूहळू मागे, स्वतःकडे ओढायची, म्हणजे वस्तू कॉइलच्या मधोमध न राहता पुढच्या टोकाखाली येईल. नाणं किंवा अंगठी टोकाखाली आली तरी आकडा टिकवते, फक्त आवाज बारीक होतो. बूच टोकाखाली आलं की मोडतं: आकडा ७० वरून एकदम २५-३० वर, आणि सोबत लोखंडाची गुरगुर. नवं, न गंजलेलं बूच कधी कधी यातही पास होतं. गंजलेलं सहसा पकडलं जातं.

हे जमायला लोखंडाचा आवाज बंद ठेवून चालत नाही. म्हणून टोन असे लावले: ० ते ३५ जाड खर्ज, ३६ ते ६६ मधला, ६७ च्या वर बारीक उंच. खर्जाचा आवाज अगदी हळू ठेवला, पण शून्य नाही. सुरुवातीला डोकं दुखतं. तासाभरात कानाला सवय होते, खर्ज मागे पडतो आणि त्यातून मधला सूर उठला की मान आपोआप वळते. पडद्याकडे पाहणं मी जवळजवळ सोडलं.

आणखी दोन गोष्टी कचरा ओळखायला उपयोगी पडल्या. अख्खा किंवा चेपलेला कॅन कॉइल गुडघ्यापर्यंत उचलली तरी ओरडत राहतो, अंगठी एवढ्या उंचीवर केव्हाच गप्प झालेली असते. आणि वरच्या थरातला लांब खिळा एका फेरीत दोनदा वाजतो, दोन टोकांचे दोन ठोके. ९० अंश वळलं की ठोका एक होतो किंवा नुसती गुरगुर उरते.

२३ नोव्हेंबर

दिवसभर काही नाही. मधल्या सुराचं सगळं खणलं. गवत कापायच्या यंत्राखाली आलेले कॅन हा सगळ्यात वाईट कचरा आहे. ॲल्युमिनियमच्या चिंधड्या होतात आणि प्रत्येक चिंधीचा आकडा वेगळा: ४५, ५२, ६३, ७८. आवाज स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सारखा, पिनपॉइंटमध्ये (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या मोडमध्ये) छोटा. माझ्या सगळ्या चाचण्या ती पास करते. यावर सेटिंग नाही. खणायचं, पिशवीत टाकायचं, पुढे जायचं. काढलेला कचरा परत खड्ड्यात टाकू नका, पुढच्या फेरीला तोच पुन्हा भेटतो.

३० नोव्हेंबर

छोटी कॉइल लावली. १५ सेंटिमीटरच्या कॉइलखाली एका वेळी कमी कचरा येतो, त्यामुळे शेजारी-शेजारी पडलेल्या वस्तू सुट्या ऐकू येतात. खोली कमी होते, पण अलीकडे पडलेली अंगठी खोल जाणार तरी किती. एकेका फेरीचा पट्टा अरुंद होतो, म्हणून दोऱ्या अर्ध्या मीटरवर आणल्या आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवली. कॉइल बदलल्यावर ग्राउंड बॅलन्स नव्याने घ्यायचा. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूचा आवाज संपून दुसरीसाठी मशीन मोकळं व्हायचा वेग, दोन पायऱ्यांनी वाढवला. आवाज आखूड आणि टोकदार झाले.

जुन्या शेडच्या दारापाशी, जिथून मी नॉच लावून आधीच गेलो होतो, तिथे एक विचित्र सिग्नल मिळाला. एका दिशेने ६१ ते ७०, बुचासारखा फुटका. वळून पाहिलं तर खर्ज. तिसऱ्या, तिरक्या दिशेने मात्र फुटक्या आवाजाला लागून एक छोटा, स्वच्छ मधला सूर. कॉइल अर्ध्या वेगाने नेली की दोन आवाज सुटे, नेहमीच्या वेगाने एकच गोंधळ.

खुरप्याने मातीचा चौकोनी तुकडा उचलला. वरच गंजकं बूच. ते बाजूला ठेवून खड्ड्यावरून पुन्हा कॉइल फिरवली: ५३, दोन्ही बाजूंनी, गोल. हातातला छोटा पिनपॉइंटर खड्ड्याच्या कडेला थरथरला. मातीचं ढेकूळ फोडलं तर आत अंगठीची कड दिसली, सात-आठ सेंटिमीटर खोल आणि बुचापासून जेमतेम दोन बोटं दूर. कुणाच्या तरी बुटाने दाबली गेली असावी.

अंगठी मिळाली तेव्हा पडद्यावर ५२ नव्हताच. बूच काढेपर्यंत तो दिसलाही नसता. वहिनींना फोन केला. "बरं झालं, आता तिची तिला परत द्या," हे त्यांचं पहिलं वाक्य, बहिणीच्या अंगठीबद्दल.

काढल्यावर एक गोष्ट लगेच करा: खड्डा आणि काढलेली माती दोन्ही पुन्हा तपासा. बुचाखाली अंगठी होती, तसं अंगठीखालीही काही असू शकतं. इथे आणखी एक खिळा निघाला.

७ डिसेंबर

अंगठीचं काम संपलं, पण मित्राच्या वडिलांना, अण्णांना, आता उत्साह आला आहे. शेडच्या दाराची पितळी कडी-कोयंडी आणि काही तांब्याची नाणी तिथेच कुठे तरी आहेत असं ते म्हणतात. जुन्या भिंतीच्या रेषेत खिळे इतके दाट आहेत की खर्ज थांबतच नाही. म्हणून आधी फळीवर चाचणी.

गुळगुळीत लाकडी फळी, तिच्यावर चार खिळे वेगवेगळ्या कोनांत चिकटपट्टीने लावलेले, मध्ये एक तांब्याचं नाणं. फळी जमिनीवर ठेवून आठ दिशांनी कॉइल फिरवायची आणि किती दिशांनी नाणं ऐकू येतं ते मोजायचं. सेटिंग बदलायचं, पुन्हा आठ दिशा.

डिस्क्रिमिनेशन ४० वर, खिळे पूर्ण बंद: दोन दिशा, त्याही तुटक. डिस्क्रिमिनेशन खिळे जेमतेम बंद होतील एवढंच: चार. डिस्क्रिमिनेशन शून्य, खर्ज हळू: पाच. त्यात रिकव्हरी स्पीड वाढवला: सहा. आणखी वाढवला तर पुन्हा चार, कारण मशीन इतकं घाईत कापतं की अशक्त सिग्नल आवाज होण्याआधीच संपतो. मोठी कॉइल लावून सगळ्यात चांगल्या सेटिंगवर: तीन. फेरीचा वेग बदलला की हे सगळे आकडे बदलतात, म्हणून डोक्यात ताल धरून एकाच वेगाने फिरवलं.

अण्णांनी फळीवर त्यांच्या खिशातलं एक चालू नाणं ठेवलं आणि "हे का वाजत नाही?" असं विचारलं. चुंबक लावून पाहिलं, चिकटलं. फेरिटिक स्टेनलेस स्टीलची किंवा पोलादावर मुलामा दिलेली नाणी मशीनला बहुतेक वेळा लोखंडच वाटतात, आणि लोखंड बंद केलं की तीही बंद. ज्यांना अशी नाणी हवी आहेत त्यांनी डिस्क्रिमिनेशनचं बटण विसरावं.

१४ डिसेंबर

फळीवरच्या सेटिंगने भिंतीची रेष. चार मीटर लांबीला पूर्ण सकाळ गेली. मोडलेले, वाकलेले खिळे हा इथला मुख्य शत्रू. वाकडा खिळा एका दिशेने उंच, गोड चिवचिव देतो, ८०-९० सुद्धा दाखवतो. ओळखायची खूण अशी की पिनपॉइंट मोडमध्ये वस्तूची जागा आणि उंच आवाजाची जागा एक येत नाही. आवाज इकडे, धातू चार बोटं तिकडे. दोन्ही जागा एकच असतील तर खणायचं.

याच नियमाने कोयंडी निघाली. ७३, सर्व बाजूंनी मोठी, पितळच. एक तांब्याचं झिजलेलं नाणंही मिळालं: दोन दिशांनी ८०, बाकी सगळीकडून खर्ज. दोनच दिशांनी बोलणारं फळीवरचं नाणं ऐकलं नसतं तर हे सोडून गेलो असतो. नाणं घासलं नाही. पाण्याने माती सोडवून वाळत ठेवलं. जुनं नाणं घासलं की वरचा थर जातो आणि अक्षरंही जातात.

२१ डिसेंबर

रात्री पाऊस झाला, माती ओली. ग्राउंड बॅलन्सचा आकडा सरकलेला होता, नव्याने घ्यावा लागला. जुनाच ठेवून पाहिला तर भट्टीच्या कडेला मशीन पुन्हा कण्हायला लागलं. ओल्या मातीत वाफ्यातल्या २० सेंटिमीटरच्या पाइपाचा सिग्नल थोडा जास्त भरीव आला, पण आकडा तसाच उड्या मारतो.

मशीनमधल्या दोन मोकळ्या जागांत प्रोग्राम साठवले. पहिला खिळ्यांच्या जागेसाठी: छोटी कॉइल, १५ किलोहर्ट्झ, डिस्क्रिमिनेशन शून्य, तीन टोन, खर्ज हळू, रिकव्हरी मधल्याच्या दोन पायऱ्या वर, ट्रॅकिंग बंद. दुसरा मोकळ्या जागेसाठी: मोठी कॉइल, १० किलोहर्ट्झ, रिकव्हरी मधला, बाकी तेच. सेन्सिटिव्हिटी दोन्हींत साठवली नाही. ती त्या त्या दिवशी, त्या त्या जागी, कॉइल स्थिर धरून ठरवायची.

भिंतीची उरलेली रेष माती वाळल्यावर. अण्णांना दाराची कडीही हवी आहे.